चावरी

"ही चावते त्याला," अनाथाश्रमाच्या अधीक्षिका बाई म्हणाल्या आणि त्यांनी टिल्लूची बाही वर सरकवली.

न्यायाधीश मॅडमनी चष्मा लावला. चार वर्षांच्या पोराचा कोवळा हात. मनगटाच्या वर लालबुंद, ताज्या खुणा. वरचे, खालचे, एकूण एक दात उमटलेले.

"तू केलंस हे?"

सात वर्षांची ताई तोंडावर हात धरून बसली होती. तिनं मानेनंच हो म्हटलं.

"का गं? सख्खा भाऊ ना तुझा?"

"मला नाही आवडत तो," ती हाताआडून पुटपुटली.

काय म्हणावं या पोरीला! आईबाप गेल्यावर दोघांना एकमेकांशिवाय होतं कोण? भावंडांची ताटातूट करायची नाही, यातच मुलांचं हित, असं मॅडम आजवर मानत आल्या होत्या. पण दत्तक घ्यायला आलेलं जोडपं एकट्या टिल्लूलाच नेणार होतं. "दोघं नाही हो झेपणार आम्हाला," नवरा मघाशी बाहेरच्या बाकावर, पोरांच्या देखतच म्हणाला होता. संस्थेतही हेच सांगून झालं होतं. दोघांना एकत्रच द्यायचं ठरलं असतं, तर जोडपं आल्या पावली परत गेलं असतं आणि टिल्लू संस्थेतच राहिला असता.

शिपायानं बिस्किटं आणली. टिल्लूनं मटकावली. ताईनं बशी त्याच्याकडे सरकवली.

"नखरे बघा!" अधीक्षिका बाई करवादल्या. "परवापरवापर्यंत त्याला मांडीवरून खाली ठेवत नव्हती. हे लोक येऊन गेले काय, आणि आता त्याच्या वाऱ्याला उभी राहत नाही. जळते मेली."

मॅडमनी शेवटचं विचारलं, "तो गेला तर तुला वाईट नाही वाटणार?"

"जाऊ दे. ब्याद टळेल."

एवढ्याशा पोरीच्या तोंडी हे शब्द! मॅडमना तिचा रागच आला. त्यांनी तिथल्या तिथे हुकूम दिला. टिल्लूला बहिणीपासून दूर ठेवण्यातच त्याचं हित होतं.

नव्या आईनं टिल्लूला कडेवर घेतलं. दारापर्यंत तो मुकाट गेला, मग त्यानं भोकाड पसरलं.

"ताई!"

ताईनं तोंडावरचा हात काढला.

"रडू नको रे सोन्या," ती पहिल्यांदाच मोठ्यानं बोलली. वरचे पुढचे दोन्ही दात पडलेले, नुसत्या हिरड्या.

टिल्लूनं बाहीला नाक पुसलं.

"ताई, आता मी माझ्या हाताला नाही ना चावायचं?"