मधली जाळी

बाबांची नवी बायको आली ती स्वतःचा ससा घेऊनच. मुलीचा ससा घरात आधीपासून होता. दोघं भांडले तर एकाला घर सोडावं लागेल, असं बाबांनी बजावलं.

"माझ्यावर सोपवा!" म्हणत मुलगी पदर खोचल्यासारखी कामाला लागली. तिने अर्धा हॉल मोकळा केला, वायरी उचलून भिंतीवर घेतल्या, फरशीवर सतरंजी अंथरली. दोघांना मनसोक्त उड्या मारता येतील एवढी जागा ठेवून मधोमध जाळी उभी केली.

"एकदम एकत्र सोडले तर?" नव्या बाईने विचारलं.

"छे, मावशी! जीव घेतील एकमेकांचा. आधी नुसतं बघू द्यायचं, वासाची सवय होऊ द्यायची. जवळ कधी यायचं, ते त्यांचं ते ठरवतील. आपण उगाच लाडीगोडी लावायची नाही."

"किती दिवस?"

"लागतील तेवढे."

मुलीच्या केसांत गवताची काडी अडकली होती. ती काढायला पुढे झालेला हात नव्या बाईने हळूच मागे घेतला.

"अहो, मी सशांचं सांगत होते," मुलगी म्हणाली आणि तिने डोकं पुढे केलं.