पायरीपर्यंतच्या खुणा

नवरा गेल्यापासून लेम्पी तळ्याकाठी एकटीच राहायची. बर्फावर घसरगाडीच्या ताज्या खुणा रोज सकाळी तिच्या पायरीपर्यंत येत आणि तिथूनच माघारी वळत. दार कुणी वाजवत नसे. चोर असता तर त्यानं काही नेलं असतं, टपालवाला असता तर काही ठेवलं असतं! अखेर न राहवून तिनं आपली पुढे खुर्ची बसवलेली घसरगाडी काढली आणि मागे उभी राहून पायानं रेटत खुणांमागोमाग गोठलेलं तळं ओलांडलं. खुणा पलीकडच्या काठावर राहणाऱ्या म्हाताऱ्या ताउनोच्या अंगणात संपल्या. “रोज येऊन गुपचूप पळतोस काय रे?” ताउनो ओशाळला. “नजर अधू झालीय. तुझं धुराडं इथून दिसत नाही. तिथं येऊन धूर बघितला की जिवात जीव येतो.” लेम्पीनं वर पाहिलं. त्याच्या धुराड्यातून धूर निघत नव्हता. “आणि तुझी चूल?” “एकट्यासाठी कशाला पेटवू?” तिनं घसरगाडी वळवली. “बस खुर्चीत. माझी पेटलेलीच आहे.”