डावीकडची खडखड

“काका, गाडी एकदम गप्प आहे,” तिसरी चक्कर मारून आलेला सर्व्हिस सेंटरचा सुपरवायझर म्हणाला. घरच्यांसमोर खडखड करायची आणि परक्यांसमोर शहाण्यासारखं वागायचं, गाडी घेतल्यापासून हेच चाललं होतं. आणि वॉरंटी उद्या संपत होती.

बायकोने पुरावा म्हणून मोबाइल पुढे केला. गाडी मी चालवायची आणि शूटिंग हिने करायचं, अशी आमची वाटणी होती. व्हिडिओत खडखडीपेक्षा हिच्या सूचनाच जास्त ऐकू येत होत्या. तरी सुपरवायझरने कान लावून सगळे व्हिडिओ पाहिले.

“काका, आवाज येतो तेव्हा दर वेळी तुम्ही डावीकडे वळताय. मी तिन्ही चकरा उजवीकडेच वळत मारल्या.”

तिघं बसलो, डावीकडे वळलो. खडखड! आम्हाला इतका आनंद झाला, की पुन्हा एकदा वळून पाहिलं.

मेकॅनिकने डॅशबोर्ड उघडला आणि आतून हळद-कुंकू लागलेली सुपारी काढली.

“बाहेरची वस्तू,” सुपरवायझर खुशीत म्हणाला. “वॉरंटीत बसत नाही. उघडल्याचे पैसे पडतील.”

“बाहेरची?” हिने गाडी घेतली त्या दिवसाचा व्हिडिओ लावला. शोरूमनेच बोलावलेले गुरुजी डॅशबोर्डवर सुपारीचा गणपती मांडत होते. शेजारी हाच सुपरवायझर हात जोडून, डोळे मिटून उभा होता.

“बसवलात तुम्ही, मग विसर्जन कुणी करायचं?” हिने विचारलं.

त्याने बूट काढले, सुपारी ओंजळीत घेतली आणि मेकॅनिकला हळूच म्हणाला, “वॉरंटीत टाक.”