एक कान मोकळा

विमान दोन मैलांवर होतं आणि नियंत्रण मनोऱ्यातल्या त्याच्या स्क्रीनवर धावपट्टी हिरवी होती. हिरवी म्हणजे मोकळी. उतरायची परवानगी द्यायला त्यानं तोंड उघडलं, तेवढ्यात शेजारी बसणाऱ्या मावशींनी त्याच्या खुर्चीला लाथ मारली.

खुर्चीला चाकं होती. तो थेट फायलींच्या कपाटापर्यंत गेला. हेडफोन टेबलापाशीच राहिला.

“जीप!” मावशी ओरडल्या.

पक्षी हाकलणारी जीप धावपट्टीच्या मधोमध उभी होती. चार मिनिटांपूर्वी त्यानंच तिला आत सोडलं होतं. ‘धावपट्टी बंद दाखवू?’ असं स्क्रीननं विचारलं तेव्हा तो दुसऱ्या वैमानिकाशी बोलत होता. त्यानं ‘नंतर’वर बोट टेकवलं. स्क्रीन आज्ञाधारक. तिनं नंतरसाठी ठेवलं.

तो धावत आला, माइक ओढला. “उतरू नका! वर जा!”

विमान मनोऱ्याच्या काचा थरथरवत वर गेलं. जीपवाला वायरलेसवर म्हणाला, “एकही पक्षी नाही साहेब. खुशाल येऊ द्या.”

गेल्या आठवड्यापर्यंत इथं कागदी चिठ्ठ्या होत्या. धावपट्टीवर कुणी गेलं की लाल चिठ्ठी शेजाऱ्याला दाखवायची. वर त्याचा एखादा टोमणा फुकट. आता सगळे दोन्ही कान झाकून आपापल्या स्क्रीनमध्ये. मावशी तेवढ्या एक कान मोकळा ठेवतात; जीपला आत सोडताना त्याचा आवाज त्यांनी त्याच कानानं ऐकला होता. कान मोकळा ठेवल्याबद्दल त्यांना दोनदा लेखी समज मिळाली आहे.

“हिरवं दिसत होतं हो, मावशी.”

“दिसू दे. जीप पिवळी आहे.”

“पाया पडू का?”

“नको. दुखतोय.”

नियमाप्रमाणे त्याच्या जागी दुसरा बसला आणि त्याच्या हातात फॉर्म आला. अपघात कशामुळे टळला? पर्याय तीन : यंत्रणा, कार्यपद्धती, हवामान. त्यानं पेनानं चौथी चौकट आखली आणि लिहिलं, ‘मावशींचा पाय (उजवा).’

विमान अकरा मिनिटांनी उतरलं. तो दुर्बीण घेऊन काचेशी उभा राहिला. प्रवासी जिन्यावरून उतरत होते. शेवटच्या पायरीवर एक टकला गृहस्थ वाट अडवून उभा होता आणि मनगटावरचं घड्याळ हवाईसुंदरीच्या नाकापुढे नाचवत उशिराबद्दल भांडत होता.

“भांडतोय, मावशी.”

“भांडू दे. पोटभर भांडू दे.”

इतका देखणा माणूस त्यानं जन्मात पाहिला नव्हता.