विठ्ठलवाडीचा विक्रांत

"बाबा, किती वेळ एंगेज! कोणाशी बोलत असता एवढं?" हैदराबादहून गंधारनं विचारलं.

दिनानाथ काय सांगणार? अंबरनाथच्या त्या घरात फोनची लाइन एकच. इंटरनेट लावलं की फोन एंगेज. आणि इंटरनेटवरून ते गंधारशीच तर बोलत होते.

"शेजारच्या सुंदराबाई आल्या होत्या, फोन करायला," त्यांनी चक्क थाप मारली.

"बरं, ऐका. साइट पूर्ण बदलली मी. आत्ताच नव्यानं सुरू केली. इंग्रजी अक्षरांतलं मराठी बंद, आता सगळं देवनागरीत. बघा आणि सांगा कशी वाटते."

नोकरी सांभाळून गंधार ही वेबसाइट चालवायचा. मराठीतून प्रोग्रॅमिंग शिकवायची. पॉलिटेक्निकची मुलं तिथं प्रश्न लिहीत, गंधार खाली उत्तरं देई. त्यांतला सगळ्यात चिकट विद्यार्थी म्हणजे विठ्ठलवाडीचा विक्रांत. हा विक्रांत कारखान्यातून अधिकारी म्हणून रिटायर झालेला होता, त्याला रक्तदाबाची गोळी चालू होती आणि गंधारचा तो सख्खा बाप होता. खरं गाव लिहिलं तर पकडले जाऊ, म्हणून दिनानाथांनी दोन स्टेशनं पलीकडचं लिहिलं होतं.

"प्रश्न विचारायची सोयच काढून टाकली," गंधार उत्साहानं सांगत होता. "तेच तेच विचारतात लोक. एक विक्रांत आहे विठ्ठलवाडीचा, तो तर रोज डोकं खातो. आता नेहमीच्या प्रश्नांची उत्तरं एकदाच लिहून ठेवलीत. वाचा आणि शिका."

"वाईट आहे का मुलगा?"

"वाईट नाही हो. पण त्याला लिहीत बसलो की माझी संध्याकाळ जाते. तुम्ही गोळ्या घेता ना वेळेवर?"

"घेतो. तू कसा आहेस?"

"मजेत. चला, ठेवतो."

दर रविवारचा फोन असा संपायचा. बापाशी बोलताना गंधार कायम मजेत असे. विक्रांतला मात्र त्याने एकदा लिहिलं होतं, मलाही इथं करमत नाही रे, ऑफिस सुटलं की रूमवर जावंसं वाटत नाही. ते वाचून दिनानाथ दिवसभर अस्वस्थ होते. घरी एकटाच असतो सर, असं विक्रांतनं कळवल्यावर, मग जेवणाचं काय करतोस, म्हणून गंधारनं खिचडी कशी टाकायची ते लिहिलं होतं, पाण्याच्या मापासकट. बायको, कुमुदिनी, गेल्यापासून दिनानाथांना जेवणाचं इतकं बारकाईनं कोणी विचारलं नव्हतं. त्यांनी तशी खिचडी केली. जरा पातळ झाली, तरी विक्रांतनं मस्त झाली म्हणून कळवलं.

खोटं नाव घेऊन पोटच्या पोराला फसवणं बरं नव्हे, हे त्यांना कळत होतं. पण बापाला जे मिळत नव्हतं ते विक्रांतला मिळत होतं, आणि ते सोडवत नव्हतं. रोज नवी शंका कुठून आणणार? म्हणून ते मुद्दाम चुकीचा प्रोग्रॅम लिहून पाठवत. आता पटेल अशी चूक करायची तर आधी बरोबर काय ते यावं लागतं. त्या नादात म्हातारा प्रोग्रॅमिंग बऱ्यापैकी शिकला होता.

उल्हासनगरच्या कॅम्प दोनच्या बाजारातून सुटे भाग जुळवून आणलेला कॉम्प्युटर त्यांनी परत चालू केला. मोडेमनं नेहमीसारखा गळा काढला. पान वरून खाली सावकाश उतरलं. साइट खरंच देखणी झाली होती. निळी पट्टी, ठळक अक्षरं, धडे ओळीनं मांडलेले. बापाला अभिमान वाटला, उगाच कशाला नाकारा.

मग त्यांनी 'नेहमीचे प्रश्न' उघडलं. बहुतेक प्रश्न त्यांचेच होते. उत्तरं साफसूफ करून, शिस्तीत लावलेली. 'अरे विक्रांत, परत तेच केलंस ना' गेलं होतं. 'सर, जेवलात का' गेलं होतं. खिचडीही गेली होती. उरलं ते कोणीही कोणालाही सांगावं असं ज्ञान. दिनानाथांनी पान शेवटपर्यंत वाचलं, कुठे लिहायला चौकट दिसते का ते पाहिलं, परत वर जाऊन परत पाहिलं. कुठेच नव्हती.

त्यांनी इंटरनेट बंद केलं. घरात एकदम शांत झालं. ते फोनपाशी जाऊन बसले. आपणहून फोन करायची त्यांची रीत नव्हती. पोरगा कामात असेल, झोपला असेल, मित्रांत असेल, असं काहीतरी मनाशी म्हणून ते राहून जात. आज त्यांनी नंबर फिरवला.

"काय झालं, बाबा?" गंधार घाबरलाच. "बरं वाटत नाहीये का?"

"बरा आहे मी. साइट बघितली. छान झालीय."

"हे सांगायला एसटीडी केलात?"

"नाही." दिनानाथांनी घसा साफ केला. "एक विचारायचं होतं. प्रोग्रॅममध्ये मोजायला शून्यापासून का सुरुवात करतात रे? एकापासून का नाही?"

गंधार हसला. "तुम्हाला कशाला हवंय ते, बाबा? आणि दिलंय की साइटवर. 'नेहमीचे प्रश्न'मध्ये, अगदी वरच आहे. वाचा ना."

"वाचलं," दिनानाथ म्हणाले. "तू सांग."