महिनाभर पाय ठेवायचा नाही

“ताई, स्वयंपाकघर तुझं. लाकडाच्या जमिनीचा रंग तूच निवड,” असं धाकटा भाऊ म्हणाला, तेव्हा ताईला भरून आलं होतं. आईमागे याच घरात रांधून तिने त्याला लहानाचा मोठा केला होता. चार दिवस नमुन्याच्या फळ्यांवर तेल सांडून, घासून बघून तिने मधासारखा रंग ठरवला. पॉलिशवर महिनाभर पाय ठेवायचा नाही, असं भावाने बजावलं होतं. तोवर तिने आत्याकडे राहायचं.

निघताना ती चपला हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात थांबली. पॉलिशवाला उंबऱ्याशी शेवटचा हात मारत होता.

“महिनाभर जपायला हवं ना हो?”

तो हसला. “महिना कसला, ताई? संध्याकाळपर्यंत खडखडीत वाळतं. घर विकत घेतलेली माणसं उद्याच राहायला येतायत, म्हणून तर दादांनी हे झटपट वाळणारं पॉलिश घ्यायला लावलं.”

बाहेर भावाने हॉर्न वाजवला. “ताई, आटप की! किती वेळ?”

ताईच्या डोळ्यांत पाणीबिणी आलं नाही. तिने चपला पायात घातल्या आणि ओल्या पॉलिशवर पावलं उमटवत ती थेट शेगडीच्या कोपऱ्यात जाऊन उभी राहिली.

“आता वाळू दे,” ती म्हणाली.