समोरच्या खुर्चीवर

“उशाशी नको. त्या खुर्चीवर उजेड पाड,” आई म्हणाली.

स्टुलावर चढलेला मुलगा हातात दिवा धरून तसाच थांबला. त्याने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. “वाचणार कोण? तू की खुर्ची?”

“एवढं शिकून मोठा उजेड पाडलास. आता एका खुर्चीवर पाड.”

“अगं, तिथे बसणाऱ्याच्या थेट डोळ्यांत जाईल.”

“जाऊ दे.”

खोली लहान होती. पलंग, कपाट आणि पलंगासमोर, खिडकीकडे पाठ करून ठेवलेली खुर्ची, एवढ्यातच ती भरायची. आधी भिंती गडद हिरव्या होत्या. गडद भिंत उजेड गिळते, म्हणून त्याने स्वतः खपून त्या पांढऱ्या केल्या. छताच्या मधोमध एकच बल्ब असला, की वाचणाऱ्याची सावली त्याच्याच पुस्तकावर पडते. म्हणून वाचायचा दिवा डाव्या खांद्यामागून, उशापासून हातभर वर. सगळं त्याने विचार करून ठरवलं होतं. लोकांचे डोळे तपासून चष्म्याचे नंबर काढणं हा त्याचा रोजचा धंदा होता.

त्याच्या धंद्यात सरळ हिशोब होता. माणूस जास्त उजेड मागायला लागला, की आधी डोळे बघायचे. त्याने आल्या आल्या बघितले होते. मोतीबिंदू काढल्यापासून आईची नजर त्याच्यापेक्षा चांगली होती. तक्त्यावरची शेवटची ओळ तिने न अडखळता वाचली. तरी त्याने पुन्हा बॅटरी मारली, तेव्हा ती म्हणाली, “मेल्या, आता काय काढून घेऊन जातोस का?”

डोळ्यांत दोष नव्हता. मग हा नुसता हट्ट होता. बदललीच होती ती. तो भिंतीकडे तोंड करून काम करताना काही विचारायचा, तर ती उत्तरच द्यायची नाही. टीव्हीवर कापड टाकून ठेवलं होतं. “नुसती तोंडं हलवतात मेले,” म्हणाली. आणि तरी, त्याचा हात मागे गेला की मागायच्या आत त्यावर पक्कड ठेवली जायची. ती सारखी त्याच्याकडेच बघत असायची. बघायची भरपूर, बोलायची मात्र मोजकं. त्याला हे कोडं सुटत नव्हतं.

फोनचं तर त्याने मनाला लावून घेतलं होतं. महिन्याभरापूर्वी सगळा धीर गोळा करून त्याने बायकोबद्दल सांगितलं होतं, “आई, ती घर सोडून गेली. कायमची.” पलीकडून आई म्हणाली, “बरं बरं. छान. जेवलास ना?” आणि फोन बंद.

त्यानंतर त्याने कुणालाच सांगितलं नाही. दुकानात दिवसभर माणसांच्या डोळ्यांत डोकवायचं आणि रिकाम्या घरात एकट्याने जेवायचं, असं चाललं होतं. खोली रंगवायची हे निमित्त होतं. फोनवर जमलं नाही ते समोर बसून बोलावं, एवढ्यासाठीच तो आला होता. पण हातात ब्रश होता तोवर ब्रशचंच बोलणं झालं. उद्या तर त्याला निघायचं होतं.

“बरं बाई, तुझंच खरं,” म्हणत त्याने दिवा खुर्चीच्या बाजूला वळवून बसवला. वायर जोडायला मेन स्विच बंद केला होता. शेवटचा स्क्रू आवळेपर्यंत बाहेर ऊन गेलं. खोलीत करडा अंधार साचला. तो स्टुलावरून उतरला आणि खुर्चीत बसला. मागे खिडकी फिकट दिसत होती. समोर पलंगावर आईचा नुसता आकार होता. तोंड दिसत नसलं की बोलायला सोपं जातं. हीच वेळ, असं त्याला वाटलं.

“आई, तुला फोनवर सांगितलं ते खरं आहे. ती परत येणार नाही. चूक माझीही होती. मला घरी जावंसं वाटत नाही गं. दिवा लावला की घर आणखीच रिकामं दिसतं. मी थोडे दिवस इथेच राहू का?”

त्याने मनगटाने डोळे पुसले आणि वाट पाहिली.

आईने चादरीची सुरकुती हाताने सारखी केली.

त्याने आणखी थोडी वाट पाहिली. मग तो उठला. पुन्हा विचारायचं नाही, हे त्याने उठता उठताच ठरवलं. आजच गाडी मिळाली तर आजच निघू. बाहेर जाऊन त्याने मेन चालू केला आणि हत्यारं उचलायला खोलीत आला.

भिंती एकदम पांढऱ्याशुभ्र झाल्या होत्या. खुर्चीवर लख्ख उजेड होता. तो वाकला तसं हाताला धरून आईने त्याला खुर्चीत बसवलं. दिवा थेट तोंडावर आला. त्याचे डोळे मिचमिचले. ती पुढे झुकून त्याच्याकडे बघत होती. पण माणसाची नजर नेमकी कुठे पडते, हे त्याला धंद्यामुळे कळायचं. ती त्याच्या डोळ्यांत बघत नव्हती. तिची नजर चार बोटं खाली होती, आणि तिथून हलत नव्हती.

“आता बोल,” आई म्हणाली. “रडलास का रे? मघाशी अंधारात तुझे ओठच दिसले नाहीत.”